कोनाड्यात राहिलेलं प्रस्थान

लोणावळ्यात काही लोक मला अजून ‘फ्रान्सवाले मास्तर’ म्हणतात. मी त्यांना थांबवत नाही. थांबवायचं असतं तर सदतीस सालच्या फेब्रुवारीतच थांबवायला हवं होतं, आणि ते का जमलं नाही हेच सांगायला बसलो आहे. वाचणाऱ्याने खुशाल हसावं. निम्म्या गोष्टीला मीसुद्धा हसतो.

सुरुवात झाली ती डोक्याला लावायच्या तेलापासून. ‘केशकौमुदी’ नावाच्या तेलाच्या कंपनीने वर्तमानपत्रात एक स्पर्धा काढली होती. पाच बाटल्यांची लेबलं पाठवायची आणि ‘मी केशकौमुदी वापरतो, कारण...’ हे वाक्य पुरं करायचं. माझं डोकं तिशीतच मोकळं झालेलं. तरी घरात पाच बाटल्या होत्या. का होत्या, ते विचारू नये. मी लिहिलं, ‘...कारण आशा सुटत नाही.’ दोन महिन्यांनी पत्र आलं की पहिलं बक्षीस मला मिळालं आहे. मुंबई ते मार्सेल्स बंदर असं आगबोटीचं जाण्यायेण्याचं तिकीट, आणि तिथून जवळच भूमध्य समुद्राच्या काठी, उन्हाळ्यात साहेबलोक जातात अशा एका गावी, सहा दिवस हॉटेलात मुक्काम.

सोबत रंगीत चित्रांचं एक चोपडं होतं. त्यात निळा समुद्र होता, पिवळी वाळू होती, पट्ट्यापट्ट्यांच्या छत्र्या होत्या आणि छत्र्यांखाली अशा पोशाखातल्या बायका होत्या की आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोने, ते चोपडं लगेच उचलून फळीवर डब्यांमागे ठेवलं. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. प्रवास जानेवारी-फेब्रुवारीतच करावा लागेल, कारण इतर महिन्यांत हॉटेलात जागा नसते.

ही ओळ वाचून माझं डोकं चालायला हवं होतं. मी लोणावळ्याचा माणूस. एप्रिल-मेमध्ये मुंबईच्या शेटलोकांनी भरलेले बंगले आषाढात कसे दिसतात हे मला ठाऊक आहे. खुर्च्यांवर बुरशी चढते, गाद्यांना वास येतो आणि माळी दिवाणखान्यात शेळ्या बांधतो. अशा दिवसांत एखादा हौशी पाहुणा स्टेशनावर उतरलाच, तर टांगेवालेसुद्धा त्याच्याकडे जरा कीव आल्यासारखं बघतात. तोच पाहुणा आता आपण होणार आहोत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्याहून लाजेची गोष्ट अशी की मी शाळेत भूगोल शिकवतो. ‘भूमध्य समुद्राकाठी उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात’ हे वाक्य मी अठरा वर्षं मुलांकडून घोकून घेत होतो. चुकणाऱ्याला बाकावर उभं करत होतो. पण पुस्तकातला समुद्र वेगळा आणि बक्षीस मिळालेला समुद्र वेगळा, अशी माझी समजूत झाली असावी.

हेडमास्तरांकडे रजा मागायला गेलो आणि म्हणालो, “छोटीशी सहल आहे. सहा दिवसांची.”

“जायला किती दिवस?”

“पंधरा.”

“आणि यायला?”

“तेवढेच.”

हेडमास्तर गणिताचे. त्यांनी बोटांवर बेरीज केली. “सहा दिवसांच्या छोट्या सहलीला पाच आठवडे रजा,” ते म्हणाले, आणि शेवटी एका अटीवर त्यांनी ती दिली. परत आल्यावर ‘डोळ्यांनी पाहिलेला युरोप’ या विषयावर मी शाळेत तीन व्याख्यानं द्यायची. मी आनंदाने कबूल केलं. आपण भूगोल शिकवतो आणि पुण्यापलीकडे एकदा सासवडला गेलो आहोत, ही गोष्ट मला फार दिवस टोचत होती.

मग पासपोर्ट. त्या अर्जावर, अर्जदाराला व्यक्तिशः ओळखणाऱ्या मॅजिस्ट्रेटची सही लागते. आमच्या तालुक्यात मॅजिस्ट्रेट म्हणजे वडगावचे मामलेदार, आणि ते मला ओळखत नव्हते. मी वडगावला गेलो. कारकून म्हणाला, “साहेबांची तुमची ओळख आहे का?” मी म्हणालो, नाही, ती करून घ्यायलाच आलो आहे. तो म्हणाला, ओळख नसलेल्यांना साहेब भेटत नाहीत. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसलो. चौथ्या खेपेला मामलेदार घोड्यावरून उतरले, मला पाहून थबकले आणि कारकुनाला म्हणाले, “हा गृहस्थ रोज इथे बसलेला असतो. मी चांगला ओळखतो याला.” आणि जागच्या जागी सही केली. सरकारी कामात सचोटीने बसून राहिलं की फळ मिळतं, असं मी त्या दिवसापासून मानतो.

अर्जात ‘केसांचा रंग’ असा एक रकाना होता. कारकुनाने माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग प्रवासाच्या कारणाच्या रकान्याकडे पाहिलं. तिथे मी प्रामाणिकपणे ‘केशतेलाच्या स्पर्धेतील यश’ असं लिहिलं होतं. त्याने आत जाऊन आणखी दोघांना बोलावून आणलं.

इकडे आळीत दोन पक्ष पडले होते. चोपड्यातली चित्रं एव्हाना सगळ्यांनी पाहिली होती, काहींनी दोनदा. एका पक्षाचं म्हणणं, ज्या गावात लोक इतक्या कमी कपड्यांत हिंडतात तिथे उकाडाच असणार, तेव्हा मलमलीचे सदरे न्या. दुसऱ्याचं म्हणणं, साहेबाचा मुलुख म्हणजे थंडी, म्हणून लोकरी बंड्या न्या. शिंप्याने दोघांचंही ऐकून मला एक कोट शिवून दिला, त्याला पुढून फ्लॅनेल होतं आणि पाठीला सुती कापड. थंडी समोरून येते, असं तो म्हणाला. दर्याच्या मळमळीवर गुडदाणी, परमुलखातल्या पाण्यावर सुंठ, आणि फ्रेंच लोकांवर उपाय म्हणून कमी बोलणं, अशी बांधाबांध झाली. पाऊस हा शब्द मात्र आळीत कोणाच्याही तोंडून निघाला नाही.

तो निघाला बयामावशींच्या तोंडून. बयामावशी म्हणजे औंढ्याहून रोज सकाळी आमच्याकडे दूध घालायला येणाऱ्या बाई. साठीच्या घरातल्या, कपाळ मोकळं, बोलणं मोजकं. एका सकाळी दूध मापून झाल्यावर त्या उठल्याच नाहीत.

“मास्तर, तुमी मार्सेल बंदराला निगालात म्हनं?”

मी चमकलो. आमच्या शाळेतल्या सहकाऱ्यांना ते नाव धड घेता येत नव्हतं. “तुम्हांला कसं ठाऊक ते गाव?”

“माजा भिमाजी तितंच गेला न्हवं का.”

एवढी वर्षं ही बाई आमच्या ओट्यावर बसत होती आणि तिला मुलगा होता हे मला माहीत नव्हतं. भिमाजी खडकीच्या सफरमैना पलटणीत, म्हणजे पूल आणि खंदक बांधणाऱ्या फौजेत होता. चौदा सालच्या लढाईत फ्रान्सला गेला आणि त्याच थंडीत मार्सेल्सच्या इस्पितळात वारला. तिथेच कुठेतरी त्याला अग्नी दिला, असा पलटणीचा कागद आला होता. तो कागद आणि भिमाजीचं एक पत्र मेणकापडात गुंडाळून त्यांनी आणलं होतं. मी पत्र वाचून दाखवलं. त्यांना ते पाठ होतं. मी वाचताना त्यांचे ओठ हलत होते. ‘हितं रोज पाऊस. आवणात पडतो तसा. पन आपला पाऊस उबदार, ह्यो हाडात शिरतो. आई, आपलं इरलं आसतं तर बरं झालं आसतं.’

“मास्तर, इरलं घिऊन जावा,” त्या म्हणाल्या.

मी हसलो. आज ते हसू आठवलं की स्वतःची कीव येते. मी फळीवरून चोपडं काढलं आणि त्यांच्यापुढे उघडलं. “मावशी, हे बघा. कसं लख्ख ऊन आहे. अहो, लोक उन्हासाठीच जातात तिथे.”

त्यांनी ती चित्रं निरखून पाहिली. बायकांकडे नाही, आभाळाकडे. “आसंल,” त्या म्हणाल्या. “तवा लढाई व्हती.”

मग त्यांनी खरं काम सांगितलं. त्यांच्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांचे चांदीचे टाक देव्हाऱ्यात असतात, आणि लढाईत पडलेल्याला वीर म्हणून बसवतात. भिमाजीचा टाक त्यांनी हातातले गोठ मोडून तेव्हाच करून घेतला होता. पण गावातल्या जाणत्यांनी सांगितलं, जिथे देह पडला तिथली चिमूटभर माती टाकाखाली घातल्याशिवाय वीर बसत नाही. तोवर तो बाहेरच फिरतो. त्यामुळे एकवीस वर्षं तो टाक एका डबीत होता. धुळवडीला सगळं औंढे आपापले वीर घेऊन वाजतगाजत निघे आणि बयामावशी त्या दिवशी दार लावून घरात बसत.

“चिमूटभर आना मास्तर. जास्ती न्हाई. माज्या डोळ्यांदेखत पोरगं घरात येऊ द्या.”

“मावशी, चिमूट काय, डबाभर आणतो,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्या खरोखरच इरलं घेऊन आल्या. आवणाच्या वेळी बायका वाकून रोपं लावतात तेव्हा पाठीवर घेतात ते, बांबूच्या कांब्यांचं आणि पानांचं, पुरुषभर उंच. नको म्हणवेना.

आता अंबाजीपंत. आमचे शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर, आणि आळीचं पंचांग. त्यांनी हिशेब करून सांगितलं की बोट ज्या शनिवारी सुटते तो पौषात येतो आणि दिवस प्रवासाला अजिबात चांगला नाही. बोट पुढे ढकलता येईल का, असंही त्यांनी विचारलं. येणार नाही म्हटल्यावर ते म्हणाले, “मग प्रस्थान ठेवू.”

प्रस्थान म्हणजे काय ते नव्या मंडळींना कदाचित ठाऊक नसेल. प्रवासाचा दिवस वाईट असला, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपलं एक बोचकं शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे शास्त्रापुरते आपण त्या दिवशीच निघालो. मग खऱ्या दिवशी जाताना ते बोचकं उचलायचं आणि पुढे जायचं. मात्र एकदा ठेवलेलं बोचकं पुन्हा आपल्या घरात आणायचं नाही. मार्गशीर्षातल्या एका चांगल्या दिवशी मी धोतर, सुपारी आणि हळकुंड बांधून अंबाजीपंतांकडे गेलो. त्यांनी बोचकं सोडून पाहिलं.

“हे काय? प्रस्थान म्हणजे प्रवासी स्वतः. ज्याच्यावाचून प्रवास होत नाही अशी एक तरी वस्तू यात हवी. धोतर काय, तिकडेही मिळेल.”

तिकडे धोतर मिळेल याबद्दल मला शंका होती, पण मुद्दा पटला. तिकीट कंपनीचा माणूस बंदरावर देणार होता. मग ज्याच्यावाचून प्रवास होत नाही अशी वस्तू एकच उरत होती. मी घरून पासपोर्ट आणला, अंबाजीपंतांनी त्याला हळदकुंकू लावलं आणि बोचक्यात बांधून पश्चिमेच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला.

निघायच्या शनिवारी सकाळी माझी कल्पना अशी, की आपण दोघं नवराबायको टांग्यात बसू, अंबाजीपंतांच्या दाराशी थांबू, बोचकं घेऊ आणि स्टेशनावर जाऊ. पण हेडमास्तरांनी शाळेचं लेझीम पथक पाठवलं होतं. हलगी होती. आळीतल्या कस्तुराबाई पंचारती घेऊन उभ्या होत्या. माझ्या गळ्यात सात हार पडले, त्यातला एक तेलाच्या कंपनीच्या स्थानिक दुकानदाराकडून. टांग्याच्या मागे इरलं बांधलं होतं, त्यामुळे लांबून पाहणाऱ्यांना लग्नाची वरात आणि भाताची लावणी एकदमच निघाल्यासारखी वाटली असेल. मिरवणूक अंबाजीपंतांच्या दाराकडे न वळता सरळ बाजारपेठेतून निघाली, कारण लेझमीला तिथेच जागा होती. आमची मंडळी मागच्या टांग्यातून ओरडत होती, “अहो, बोचकं! बोचकं!” मला वाटलं, ती सामान मोजते आहे. मी दोन्ही हातांनी नमस्कार करत होतो. आयुष्यात पहिल्यांदा लोणावळ्याने मला मधोमध बसवलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं.

मंडळींचा टांगा गर्दीत अडकला तो फलाट रिकामा झाल्यावरच पोचला. अंबाजीपंत मात्र फलाटावर होते. त्यांनी मला मिठी मारली, डोळे पुसले, माझी गाडी हलल्यावर समोरून आलेल्या पुण्याच्या गाडीत बसले आणि तळेगावला उतरून लेकीकडे इंदुरीला गेले. घराची किल्ली त्यांच्या जानव्याला होती.

बोट एकला सुटणार होती. बंदरावर कंपनीचा माणूस आणि एक फोटोग्राफर हजर होते. माझा मेहुणा हौशीराम गिरगावातून पोचवायला आला होता. फोटोग्राफरने मला हारांसकट, इरल्यासकट बोटीसमोर उभं केलं आणि फोटो काढला. मग कंपनीचा माणूस म्हणाला, “चला, पासपोर्ट दाखवून या.”

मी कोटाच्या खिशात हात घातला. फ्लॅनेलच्या बाजूच्या, मग सुती बाजूच्या. त्या क्षणी मला अंबाजीपंतांचा कोनाडा दिसला, हळदकुंकवासकट. आमच्या मंडळींची हाक ऐकू आली, ती सकाळी ऐकू यायला हवी होती. तार केली. तारेला मंडळींचं उत्तर आलं, ‘कुलूप. इंदुरी.’ एक वाजता बोटीने शिटी दिली. समुद्राकडे सरकत जाणाऱ्या त्या बोटीकडे पाहत मी गुडदाणीचा एक तुकडा खाल्ला.

इथपर्यंतची गोष्ट कोणाच्याही बाबतीत घडू शकते आणि तिच्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते पुढच्या आठवड्याचं.

कंपनीचा माणूस सज्जन होता. तो म्हणाला, “मास्तर, पुढच्या शनिवारी दुसरी बोट आहे. तुमचं तिकीट तिच्यावर करून घेतो. फक्त सोमवारी ऑफिसात या आणि एक निवेदन लिहून द्या, की पासपोर्ट घरी राहिल्यामुळे पहिली बोट चुकली. तुम्ही निघालात ही बातमी आणि फोटो उद्याच्या अंकासाठी गेलाय. ती बातमी सुधारावी लागेल, म्हणून हे निवेदन छापू.”

“छापायलाच हवं का?”

“त्याशिवाय दुसरं तिकीट कशाच्या आधारावर काढणार? तुम्हांला नको असेल तर राहू द्या. तुम्ही गप्प, तर आम्हीही गप्प.”

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

रविवारच्या अंकात मी फ्रान्सला निघालेला होतो. फोटो छान आला होता. मंगळवारी अंबाजीपंतांनी माफीच्या पत्रासह पासपोर्ट रजिस्टर पोस्टाने पाठवला आणि गुरुवारी तो माझ्या हातात पडला. मंडळींचं पत्र त्याच्याबरोबरच होतं, दोन ओळींचं. ‘सही करून जा. चार दिवस हसतील आणि विसरतील. बयामावशी रोज विचारतात, बोट कुठवर गेली.’ मी ते पत्र खिशात घातलं आणि हौशीरामला म्हणालो, ‘भूगोलमास्तर पासपोर्ट विसरला’ असं छापून आलं तर बाकावर उभा केलेला प्रत्येक मुलगा ते कापून ठेवील. हौशीराम म्हणाला, “ठेवू द्यात की.” तो साधा माणूस आहे. शुक्रवार मी विचारात घालवला. शनिवारी एक वाजता आम्ही जेवत होतो. लांबून शिटी ऐकू आली आणि हौशीरामने ताटातून मान वर केली नाही.

हारतुरे घेऊन निघालेला माणूस आठवड्यात परत कसा जाणार? म्हणून पाच आठवडे मी हौशीरामच्या खोलीत राहिलो. शेजारच्या बिऱ्हाडांना मी आजारी आहे असं सांगितलं होतं. दिवसभर खाटेवर पडून मी ते रंगीत चोपडं पाठ केलं, कारण परत गेल्यावर तीन व्याख्यानं होती. हॉटेलाच्या जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मला तोंडपाठ झाल्या. इरलं कोपऱ्यात उभं होतं. कधीकधी वाटे, कोणीतरी पाठमोरं उभं आहे.

परतायच्या दिवशी मी चौपाटीवर गेलो. खरं सांगायचं असंच मनात होतं. तरी केशकौमुदीची एक रिकामी बाटली बरोबर घेतली होती. एकदा वाळू भरली. मग ओतून दिली. मग पुन्हा भरली.

लोणावळ्याच्या फलाटावर हेडमास्तर होते, हार होते, लेझीम होती. अंबाजीपंत सगळ्यांच्या मागे खांबाआड उभे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. सगळे एकदम विचारत होते, कसा होता युरोप, काय खाल्लंत, समुद्र लागला का. बयामावशींनी काही विचारलं नाही. त्या हातात फडक्याने झाकलेलं तांब्याचं ताम्हन घेऊन उभ्या होत्या. मी समोर आल्यावर त्यांनी फडकं बाजूला केलं आणि ताम्हन पुढे धरलं. हलगी थांबली. सगळा फलाट बघत होता. ‘मावशी, मी गेलोच नव्हतो,’ एवढंच म्हणायचं होतं. शब्द घशापर्यंत आले होते, हे मी शपथेवर सांगतो. पण मी खिशातून बाटली काढली.

आठ दिवसांनी औंढ्याला टाक बसला. मला बोलावणं होतं. मंडळींनी यायला नकार दिला. मी परतल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. बयामावशींचा पुतण्या सोपान मला वेशीवर न्यायला आला होता. देव्हाऱ्यात तांदळाच्या राशीवर टाक ठेवला होता, ढाल-तलवार घेतलेला पुरुष, बोटभर उंचीचा. त्याच्याखाली ती वाळू. बयामावशी त्याच्याकडे बघत होत्या आणि पदराने तोंड पुसत होत्या. पहिला नैवेद्य वीराला आणि पहिलं पान मला वाढलं. आंबेमोहोराचा भात, वर तूप. सोपान म्हणाला, “चुलते ऱ्हायले न्हाईत हे बगायला. पन मास्तर, तुमी आमचं घर पुरं केलंत.” मी भात नुसता कालवत राहिलो.

जेवणं झाल्यावर मी इरलं परत दिलं. मावशींनी ते उलटंपालटं करून पाहिलं, पानांवरून हात फिरवला.

“कोरडं हाय,” त्या म्हणाल्या. “तितं पाऊस न्हवता?”

एव्हाना दोन व्याख्यानं होऊन गेली होती. जीभ आपोआप चालली. “नाही मावशी. लख्ख ऊन. आभाळात ढग म्हणून नाही.”

त्यांनी इरलं भिंतीला टेकवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “आवणाला इरलं घेतलं ना मास्तर, की मला वाटायचं, आपुन आडोशाला आन पोर तितं भिजतंय. एकवीस सालं वाटायचं. लढाई सरली तसा पाऊसबी सरला म्हनायचा.” त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. “लय बरं केलंत सांगितलंत ते. माजं पोर उनातनं घरी आलं.”

औंढ्याहून मी चालत परत आलो. वाटेत भातखाचरं उन्हात तडकली होती. फेब्रुवारी-मार्चातलं आपल्याकडचं ऊन. मार्सेल्सला त्या दिवशी काय होतं, हे आमच्या पाचवीच्या पुस्तकात लिहिलेलं आहे.

तिसरं व्याख्यान मी घसा बसल्याचं सांगून दिलं नाही. भूमध्य समुद्राचा धडाही तेव्हापासून वर्गात घेत नाही. घरी वाचून या म्हणतो. पासपोर्ट ट्रंकेत आहे, त्यावर अंबाजीपंतांचं हळदकुंकू अजून आहे आणि शिक्का एकही नाही. दर धुळवडीला औंढ्याहून बोलावणं येतं, कारण भिमाजीचा वीर निघण्याआधी त्याच्यावर पहिला गुलाल मी टाकायचा असं ठरून गेलं आहे. मी जातो आणि टाकतो.

बयामावशी गेल्या त्याला आता तीन वर्षं झाली. त्यांच्या माघारी तरी कोणाला खरं सांगावं म्हणून मी एकदा मुद्दाम औंढ्याला गेलो होतो. सोपानने घोंगडी अंथरली, देव्हाऱ्यासमोर बसवलं. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, “मास्तर, म्हातारी जाताना तुमचंच नाव काढत व्हती. म्हनली, भिमाजी घरात हाय, आता मला कुटं शोधाया जायाचं न्हाई.”

मग त्याने चहा आणला. मी तो प्यालो, देव्हाऱ्याला नमस्कार केला आणि परत आलो.